अज्ञान पालक कर्ता

कायद्याच्या दृष्टीने मनुष्यप्राण्याचे दोनच प्रकार आहेत : अज्ञान आणि सज्ञान. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत माणूस अज्ञान असतो आणि ती पूर्ण झाली की त्याच दिवशी सज्ञान होतो. हे ज्ञान नेमकं किती वाजता येतं, नाकातून येतं की कानातून, आणि ते येताना घरातल्यांनी दार उघडं ठेवायचं की नुसतं लोटून घ्यायचं, याबद्दल कायदा मौन बाळगून आहे. पण ते येतं, यात शंका नको. आपल्याला ज्ञान पोचलं नाही, अशी लेखी तक्रार आजवर एकाही सज्ञान माणसाने केलेली नाही. (तोंडी तक्रारी बायकांनी नवऱ्यांबद्दल केलेल्या आहेत, पण त्यांची नोंद ठेवण्याची पद्धत नाही.)

या थोर व्यवस्थेचा पुरेपूर लाभ जिला मिळाला, ती पिपाणी. हे तिचं कागदोपत्री नाव नव्हे. जन्मल्या जन्मल्या तिने असा काही सूर लावला की नर्सच्या हातातला ट्रे खाली पडला, आणि तेव्हापासून घरात तिला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली नाही. घटनेच्या दिवशी तिचं वय सतरा वर्षं दहा महिने होतं. म्हणजे ज्ञान यायला अजून दोन महिने अवकाश होता.

तिचे वडील म्हणजे मास्तर. गाडी शिकवण्याची शाळा चालवत. पंचवीस वर्षांत त्यांनी दोन हजार एकशे सहा माणसांना गाडी शिकवली आणि त्यातली पुष्कळशी आजही हयात आहेत. शाळेच्या गाडीला दोन क्लच आणि दोन ब्रेक होते, एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरी शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. स्टिअरिंग मात्र एकच. (संसारात याच्या नेमकं उलट असतं, असं मास्तर पहिल्याच तासाला सांगत आणि पिपाणीची आई ऑफिसात आहे का, हे आधी डोकावून बघत.)

पिपाणी त्याच गाडीत लहानाची मोठी झाली. इतर मुलं अक्षरं गिरवत होती तेव्हा ही भिंतीवरच्या तक्त्यातल्या वाहतुकीच्या खुणा ओळखत होती. आणि तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती : आगीचा बंब चालवायचा. त्यासाठी ती पाण्याने भरलेला पाइप खांद्यावर घेऊन चार मजले चढली, शिडीवरून उलटी उतरली, आणि सहाशे चाळीस उमेदवारांतून निवडलेल्या बारा जणांत आली. अग्निशमन प्रशिक्षण शाळेचं पत्रही आलं : अठरा पूर्ण होताच रुजू व्हावे, अर्जदारावर कोणताही गुन्हा शाबीत झालेला नसावा. ते पत्र ती उशीखाली ठेवून झोपायची. आईने दोनदा उशीचा अभ्रा धुवायला काढला, आणि दोनदा घरात पिपाणी वाजली.

आता घटना.

शाळेला पंचवीस वर्षं झाली म्हणून जुन्या विद्यार्थ्यांनी एका रविवारी दुपारी मास्तरांना जेवण दिलं. निघताना आई म्हणाली, "येताना टॅक्सीने या." शाळेच्या नोंदवह्या आईच ठेवायची, त्यामुळे कोण किती पाण्यात आहे हे तिला पाठ होतं. जेवायला मास्तर गेले, पिपाणी गेली, मास्तरांचा धाकटा भाऊ म्हणजे काका गेला (हाही शाळेतच शिकवायचा, रिव्हर्स घेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता), आणि आईचा भाऊ म्हणजे मामा गेला. मामा काही शिकवत नसे, पण त्याला सगळं माहीत असे.

साडेतीन वाजता जेवण आटोपलं. त्या वेळची सज्ञान मंडळींची स्थिती अशी : मास्तर गाडीच्या बॉनेटवर हात फिरवून "बाळा, जेवलास का?" असं विचारत होते. काका मागच्या सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेकडे तोंड करून बसला होता आणि गाडी चुकीच्या दिशेला चालली आहे म्हणून ओरडत होता. गाडी उभी होती. मामा तिसऱ्यांदा दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीत जाऊन बसला होता, आणि त्या गाडीतल्या बाईंना टायरमधल्या हवेविषयी माहिती देत होता.

"बाबा, टॅक्सी बोलावते," पिपाणी म्हणाली.

यावर तिन्ही सज्ञान एकदम भडकले. स्वतःची शाळा, स्वतःची गाडी, आणि टॅक्सी? दोन हजार एकशे सहा विद्यार्थ्यांना काय तोंड दाखवायचं? मास्तरांनी बाणेदारपणे चावी काढली आणि पेट्रोलच्या झाकणात घालून तीन वेळा फिरवली. गाडी सुरू होईना, तेव्हा त्यांनी पिपाणीला बॅटरी बघायला सांगितलं.

पिपाणीने त्यांच्या हातातून चावी घेतली. मामाला त्या बाईंच्या गाडीतून उतरवून आणलं. सगळ्यांचे पट्टे लावले. आरसा नीट केला. जुन्या विद्यार्थ्यांनी भेट दिलेली पाऊण भरलेली बाटली मास्तरांनी तिच्या मांडीवर ठेवली. "काचेची वस्तू आहे," ते म्हणाले, "जबाबदार माणसाकडे असावी." आणि शिकवणाऱ्याच्या सीटवर बसल्या बसल्या झोपी गेले. पाय मात्र पंचवीस वर्षांच्या सवयीने ब्रेकवर. त्यामुळे गाडीचा वेग ताशी अकरा किलोमीटरच्या वर जाईना.

एवढ्यावर ती सुखरूप घरी पोचली असती. पण चौकात तिच्या हातून एकामागून एक अत्यंत संशयास्पद कृत्यं घडली. पिवळा दिवा लागताच ती थांबली. तीही पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडे. काठी टेकत निघालेल्या एका आजीबाईंना तिने रस्ता ओलांडू दिला. (आजीबाई घाबरून परत फिरल्या. आजवर कोणी थांबलं नव्हतं.) आणि शेवटी, डावीकडे वळण्यापूर्वी, तिने इंडिकेटर दिला.

चौकातल्या हवालदाराने शिट्टी फुंकली. एकोणीस वर्षं तो त्या चौकात उभा होता. काय काय बघितलं नव्हतं त्याने! पण हा प्रकार नवा होता.

"इंडिकेटर का दिला?" त्याने खिडकीत वाकून विचारलं.

"डावीकडे वळायचंय."

"वळायचं सगळ्यांनाच असतं. सांगत कोणी नाही." त्याचं लक्ष मांडीवरच्या बाटलीकडे गेलं. "वय?"

"सतरा वर्षं दहा महिने."

"अरेरे, अज्ञान," हवालदार म्हणाला आणि त्याने वही काढली.

तिच्या तोंडाशी दारू मोजायचं यंत्र धरण्यात आलं. शून्य आलं. यंत्र बिघडलं असावं, अशी हवालदाराला शंका आली. तेव्हा काकाने मोठ्या मनाने मागच्या सीटवरून हात पुढे केला, यंत्र घेतलं आणि सार्वजनिक हितासाठी त्यात फुंकर मारली. यंत्र कोकलून कोकलून दमलं. अशा रीतीने ते उत्तम चालू असल्याचं सिद्ध झालं, आणि हवालदाराने वहीत लिहिलं : 'यंत्र सुस्थितीत. मुलीचे प्रमाण अद्याप शून्य.'

पंचनामा करायचा तर दोन प्रतिष्ठित आणि सज्ञान पंच लागतात. गाडीत असे तीन होते. मास्तरांना हलवून उठवण्यात आलं. एका अज्ञान मुलीला मद्यासह वाहन चालवताना आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलं, अशा मजकुराखाली काकाने आणि मामाने सह्या केल्या. मास्तर पालक असल्यामुळे त्यांची सही निराळ्या रकान्यात घेतली. काकाची सही कागदावर सुरू होऊन बॉनेटवर संपली. तेवढ्यासाठी गाडीही पुरावा म्हणून जमा झाली. मग ते चौघे टॅक्सीने घरी आले. आईने दार उघडलं, चौघांकडे बघितलं आणि फक्त पिपाणीला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सगळे वकीलसाहेबांच्या ऑफिसात. एकच टेबल, चार खुर्च्या आणि कपाटावर धूळ खात पडलेले सुटलेल्या आरोपींचे गठ्ठे. वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि बोटांवर मोजलं.

"खरं सांगायचं म्हटलं, तर मास्तर, तुमच्या शाळेचा परवाना गेला. शिकवणारे दोघेही झिंगलेले, आणि चावी अज्ञान मुलीच्या हातात. शाळा बंद."

मास्तरांचा चेहरा पार उतरला. पिपाणीने ते बघितलं. त्यांना दुसरं काहीच येत नव्हतं, हे तिला माहीत होतं.

"आणि हिच्यावर गुन्हा शाबीत झाला, तर पंचविसाव्या वर्षापर्यंत गाडी चालवायचा परवाना नाही. बंब विसरा."

आता पिपाणीचा चेहरा उतरला. मास्तरांनीही तो बघितला.

"पण घाबरू नका," वकीलसाहेब खुलले. "मधला रस्ता आहे. मुलगी अज्ञान आहे. अज्ञानाला कोर्ट काय करतं? समज देऊन सोडतं! माझ्याकडे आजवर एकतीस अज्ञान आले आणि एकतीसही समज घेऊन सुखरूप घरी गेले. चौघं तर दुसऱ्यांदा आले आणि परत नवी समज घेऊन गेले. गुन्हा शाबीत नाही, डाग नाही, काही नाही."

"मग झालंच की!" मामा म्हणाला.

"एकच अडचण आहे." वकीलसाहेबांनी पिपाणीकडे काळजीने बघितलं. "समज कोणाला देतात? ज्याच्याकडे नाही त्याला. ही मुलगी मला बरीच समजूतदार दिसते. कोर्टाच्या लक्षात आलं की हिच्याकडे समज आधीपासूनच आहे, तर मग देणार काय? कोर्टाकडे फक्त शिक्षा उरते. तेव्हा हिला काहीही कळत नाही, हे दिसलं पाहिजे."

"म्हणजे गाडीत जी एकटी शुद्धीवर होती, तिलाच बावळट ठरवायचं?" आई म्हणाली.

"वहिनी, बावळट नाही हो. अज्ञान."

पिपाणीने होकार दिला. बंब आणि शाळा, दोन्ही वाचत होतं. मध्ये फक्त तिची अक्कल जात होती, आणि ती काय, नंतर परत आणता आली असती.

तीन आठवडे तालीम चालली. मास्तरांच्या आयुष्यातला हा सर्वांत अवघड वर्ग. पंचवीस वर्षं लोकांच्या डोक्यात घालत आले, आता डोक्यातून काढायचं होतं. संध्याकाळी शाळेच्या खोलीत खुणांच्या तक्त्यापुढे पिपाणीला बसवत आणि छडी तक्त्यावर ठेवत.

"हे काय?"

"पुढे शाळा आहे, वेग कमी करा."

"चूक! नीट बघ. दोन पोरं पळतायत, त्यांच्या मागे कोणीतरी लागलंय. लाल दिवा म्हणजे?"

"थांबा."

"अगं पोरी, थांबा काय थांबा! सजावट म्हण, सजावट. ब्रेक कुठला?"

"मधला."

"दुकानातला! ब्रेक दुकानात मिळतो. म्हण!"

पिपाणीला जमेना. खोटं बोलताना तिचे कान लाल होत आणि खरं उत्तर खोकल्यासारखं बाहेर पडे. मग ती हसत सुटे, मग मास्तर हसत, मग काका रिव्हर्स म्हणजे काय ते माहीत नसल्याचा अभिनय करून दाखवायचा आणि खोलीत हसून हसून लोळण. शेवटी पिपाणी नुसती बसून राही आणि मास्तरच प्रश्न विचारत, मास्तरच उत्तर देत. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांना सगळी उत्तरं तोंडपाठ झाली. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी चुकीचं सांगितलं असतं. (बाहेरच्या बाकावर नंबर लावून बसलेले विद्यार्थी हे सगळं ऐकत. त्या महिन्यात शाळेचे पाच जण परीक्षेत नापास झाले, आणि दोघं पास झाले. ते का झाले याची चौकशी चालू आहे.)

तारीख आली. न्यायालयाची खोली अरुंद होती. उंच चौथऱ्यावर न्यायाधीशबाई, खाली कारकून, बाजूला आरोपीचा कठडा, आणि पाठीमागे चार बाकं. त्यातलं एक मोडलेलं. लोक मात्र त्याच्यावरच बसत, कारण ते पंख्याखाली होतं. प्रेक्षकांत मास्तरांचे दोन जुने विद्यार्थीही होते. ते त्यांच्या स्वतःच्या खटल्यांसाठी आले होते.

आता इथे एका शासकीय शब्दाची ओळख करून देणं भाग आहे. अज्ञानाच्या वतीने जो कागदपत्रांवर सही करतो, त्याला 'अज्ञान पालक कर्ता' म्हणतात. लाडाने अ.पा.क. यातला अज्ञान कोण, पालक की पाल्य, हा खुलासा शब्दात नाही. तो 'तर्फे' या छोट्या शब्दाने करायचा असतो : अमुक अज्ञान, तर्फे पालक कर्ता तमुक. तर जिन्याखालच्या टंकलेखकाने (ऐंशी शब्द दर मिनिटाला, त्यातले सत्तर बरोबर) नेमका 'तर्फे' गाळला. शिपायाने दारात उभं राहून कागदावर होतं तसं मोठ्याने वाचलं :

"अज्ञान पालक कर्ता हाजिर आहे काय?"

"हाजिर!" मास्तर म्हणाले, आणि वकीलसाहेबांनी शिकवल्याप्रमाणे तडक पुढे जाऊन उभे राहिले. फक्त उत्साहाच्या भरात कठड्याच्या आत.

न्यायाधीशबाईंनी कागद बघितला, मास्तरांकडे बघितलं आणि पुन्हा कागद बघितला. "अज्ञान तुम्हीच?"

मास्तरांनी वकीलसाहेबांकडे बघितलं. वकीलसाहेब पाण्याचा घोट घेत होते. "होय," मास्तर म्हणाले. कागदावर तसंच होतं.

"वय?"

"पंचावन्न."

"हं. बराच उशीर झालेला दिसतो," न्यायाधीशबाई म्हणाल्या आणि त्यांनी लिहून घेतलं. "घाबरू नका. थोडे प्रश्न विचारते. लाल दिवा लागला तर काय करायचं?"

मास्तरांना घाम फुटला. हे प्रश्न ओळखीचे होते, तीन आठवड्यांचे होते. आणि त्यांच्या तोंडून उत्तर आपोआप बाहेर पडलं.

"लाल दिवा म्हणजे सजावट."

पंख्याखालच्या मोडक्या बाकावर कोणीतरी फस्सकन हसलं.

"ब्रेक कुठे असतो?"

"दुकानात."

आता सगळी खोली हसली. मास्तरांचे दोन जुने विद्यार्थी तर एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होते. वकीलसाहेबांच्या ठसका लागलेल्या तोंडातून शब्द फुटेना. काकाने मान खाली घातली. मामा शेजारच्याला सांगत होता की, हा माणूस आमचा कोणी नाही.

पिपाणीने बाबांकडे बघितलं. कठडा दोन्ही हातांनी धरून ते उभे होते, घामाने चिंब, शाळेतल्या ढ पोरासारखे. पहिल्यांदा स्टिअरिंग धरणाऱ्या थरथरत्या बायकांना, भेदरलेल्या आजोबांना, ज्यांनी ज्यांनी हात टेकले होते त्या सगळ्यांना या माणसाने धीर देऊन गाडी शिकवली होती. हसणाऱ्या त्या दोघांनासुद्धा. तिला ते बघवेना.  आपण बोललो तर बंब गेला, हे तिला स्वच्छ कळत होतं. तरी ती उठली, आणि जन्माच्या वेळी लावला होता तसा सूर लावला.

"लाल म्हणजे थांबा! आणि ब्रेक मधला! त्यांना सगळं येतं, तुम्हाला कोणालाच येत नाही तेवढं येतं! अज्ञान ते नाहीत, मी आहे!"

 न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "तू कोण?"

"गाडी मी चालवत होते."

"का?"

"गाडीत तीन मोठी माणसं होती आणि तिघांना मिळून एक गाडी धड दिसत नव्हती. मी चालवायला नको होती. टॅक्सी बोलवायला हवी होती, आईने बजावलं होतं. पण त्यांच्यापेक्षा मी बरी, असं वाटलं. चूक माझी आहे. बाटली माझ्या मांडीवर होती, हेही खरं. पण प्यायले नव्हते."

न्यायाधीशबाईंनी तिला कोर्टाच्या भिंतीवर टांगलेल्या तक्त्यातल्या सतरा खुणा विचारल्या. तिने सतराही सांगितल्या, आणि एक खूण उलटी टांगली आहे हेही दाखवून दिलं. वकीलसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

निकाल त्याच दुपारी झाला. न्यायाधीशबाई निष्ठुर नव्हत्या. वाचताना त्यांचा आवाज दोनदा अडखळला. पण न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते, आणि कारकुनाच्या हातात फॉर्म असतो. निकालाचा सारांश :

मास्तरांकडे समज नसल्याचं न्यायालयाने समक्ष पाहिलं आहे, आणि काका व मामा यांच्याकडे ती नसल्याचं पंचनाम्यावरच्या त्यांच्या सह्यांवरून दिसतं. ज्याला समज नाही त्याने काही जाणूनबुजून केलं, असं म्हणता येत नाही. सबब शाळेचा परवाना कायम राहील, आणि तिघांनाही समज देऊन सोडण्यात येतं.

मुलीकडे समज मुबलक आहे. तिला काय योग्य आणि काय अयोग्य हे पूर्ण ठाऊक होतं. तिने स्वतःची चूकही अचूक सांगितली. तेव्हा तिला समज देण्यास जागाच नाही. गुन्हा शाबीत.

 पिपाणीचे कान लाल झाले, एवढंच. बंब गेला.

तेव्हा मास्तर कठड्यातून ओरडले. "थांबा! बाटली माझी होती! चावी माझी होती! मी प्यालो होतो, मी! तिचं काही नाही यात, परवाना घ्या माझा, शाळा घ्या, पण पोरीचं लिहू नका!" पंचवीस वर्षांत ते कोणावर इतके ओरडले नव्हते. आवाज फाटला, डोळ्यांना धारा लागल्या.

 न्यायाधीशबाईंनी कारकुनाकडे बघितलं. कारकुनाने खेदाने मान हलवली आणि नियम काढून दाखवला.

"मास्तर," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही अज्ञान ठरला आहात. अज्ञानाचा कबुलीजबाब ग्राह्य धरता येत नाही."

 न्यायालयाच्या पायऱ्यांवर काका आणि मामा लोकांचे हात हातात घेऊन अभिनंदन स्वीकारत मागेच राहिले. आईने पिपाणीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही. मास्तर चार पावलं मागून चालत होते, चष्मा पुसत, रस्त्याच्या मधून.

"पोरी, चुकलो मी," ते म्हणाले. "फार चुकलो गं."

पिपाणी थांबली. मागे वळली, त्यांचा दंड धरला आणि त्यांना कडेला ओढलं. "बाबा, फूटपाथवरून चाला," ती म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता, पण तिला हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आल्याने तिला उचकी लागली.

आता राहता राहिली एक तांत्रिक बाब. समज ही वस्तू हातात देता येत नसल्यामुळे ती पोचली असं कधी मानायचं, याचा स्पष्ट नियम आहे : ज्याने मजकूर शेवटपर्यंत वाचला, त्याला समज पोचली. त्या दिवसापासून निकालाची प्रत न्यायालयाच्या फळ्यावर लावलेली आहे. ज्याच्याकडे समज असते त्यालाच शिक्षा होते, हे शहरातल्या सज्ञान नागरिकांच्या चटकन ध्यानात आलं, आणि ते फळ्यासमोरून तोंड फिरवून जाऊ लागले. ज्यांना समज देऊन सोडलं, त्या काका आणि मामांनीही ती अद्याप वाचलेली नाही. गेल्या रविवारी ते एका जेवणाला जाऊन आले, आणि अगदी निर्धास्त होते. मास्तर तेवढे एकदा फळ्याजवळ जाऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं वाचलं, दोनदा वाचलं. तेव्हापासून ते पायी हिंडतात.

आणि तुम्ही. तुम्हाला कोणी धरून आणलं नव्हतं. आपणहून पहिल्या ओळीपासून इथवर आलात, मधे मधे हसलातही. तेव्हा समज आपणास रीतसर बजावण्यात आली आहे, अशी नोंद झाली. यापुढे जेवण आटोपून तुम्ही खिशातून चावी काढाल आणि पुढे जे होईल ते होईल. पण त्या वेळी 'मला काय माहीत' हे उत्तर तुमच्याकडून ग्राह्य धरलं जाणार नाही. ते न वाचणाऱ्यांसाठी राखीव आहे.